पायडलमधले चोवीस छर्रे

परवा नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चहाला थांबलो होतो, तिथं ग्रुपमधल्या एकानं उगाच चाळा म्हणून माझ्या सायकलचं पायडल बोटानं फिरवलं आणि म्हणाला नवीन घेतलं का रे. म्हटलं नाही बाबा, चार पावसाळे काढलेत त्यानं. त्याला काही पटेना. कसं पटणार, त्याचं स्वतःचं दीड वर्षात डगडगायला लागलंय. पण माझी पहिली जोडी तर एकाच पावसाळ्यात गेली होती, आणि ती गेली नव्हती, मीच मारली होती. हे कळेपर्यंत एक चांगला बॉटम ब्रॅकेट (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग), शूजचा एक बोल्ट आणि सातपूरच्या मामांचा एक अख्खा रविवार खर्ची पडला. त्याला तिथं उभ्या उभ्या सांगितलं ते नीट लिहून काढ म्हणाला, म्हणून लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. क्लिपलेस पायडल म्हणजे ज्यात बुटाच्या तळव्याला लावलेली क्लीट, म्हणजे छोटी पट्टी, पायडलच्या स्प्रिंगच्या जबड्यात खटकन अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते ते. अडकतं तरी क्लिपलेस का, तर आधी पायडलवर पट्ट्यांचा पिंजरा असायचा त्याला टो क्लिप म्हणायचे, तो गेला म्हणून. एमटीबीवाल्यांचं, म्हणजे डोंगरी सायकलवाल्यांचं, शिमानोचं एसपीडी १९९० मध्ये आलं, दोन बोल्टची छोटी स्टीलची क्लीट, तळव्यात आत बसलेली, त्यामुळे उतरून चालताही येतं. शिकताना एबीबी सर्कलच्या सिग्नलला सगळ्या रिक्षावाल्यांसमोर मी आडवा पडलोय, ते आता सोडा, प्रत्येक जण पडतो.

तर पहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर जवळपास दर रविवारी त्र्यंबक रोडनं अंजनेरी, कधी पेगलवाडीकडून आत, कधी कश्यपीच्या बाजूला, नुसती मजा. आणि चिखल. घरी आल्यावर सायकल अशी दिसायची की आई गेटच्या आत घेऊ द्यायची नाही. मग मी काय करायचो, परत येतानाच पाथर्डी फाट्याजवळ एका वॉशिंग सेंटरला थांबायचो, तिथला पोरगा मोटारसायकलची प्रेशर गन मारायचा, दोन मिनिटांत सायकल चकाचक, पन्नास रुपये. आणि मी शहाणा वर त्याला सांगायचो, भाऊ पायडलवर जरा जास्त मार, तिथं लई चिखल बसतो. जवळून मारायचा बिचारा. साधारण वीतभर अंतरावरून, थेट पायडल आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, यांच्या मधल्या फटीत.

ऑगस्टच्या शेवटी आवाज सुरू झाला. टक्. प्रत्येक चकरीला एकदा, तेही चढावर जोर दिला की. सपाट रोडला काही नाही. दुकानात नेली, दुकानदारानं क्रँक हलवून बघितला आणि लगेच निदान, बॉटम ब्रॅकेट गेला. बदलला. मजुरी धरून बाविसशेला पडला. दुसऱ्या दिवशी पांडवलेणीच्या पायथ्याच्या चढावर परत टक्. परत नेली तर म्हणे चेन जुनी झालीय. मग माझं डोकं सटकलं आणि मी सायकल गाडीत घालून मामांकडे गेलो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा, सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढून रिटायर. सायकल त्यांनी आयुष्यात ॲटलासच चालवली, क्लिपलेस वगैरे पहिल्यांदाच बघत होते. बूट अडकतो हे दाखवल्यावर आधी म्हणाले, पडलास म्हणजे? म्हटलं मामा, पडून झालंय. मग त्यांनी काही न विचारता सायकल उलटी केली, एका हातानं क्रँक धरला, दुसऱ्या हातानं पायडल वरखाली हलवलं. डुगडुग. म्हणजे नुसतं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. मला म्हणाले, अरे, तू हे कधी हलवून नाही बघितलंस? नाही बघितलं. तीन महिने रोज त्यावर पाय ठेवत होतो आणि हात एकदा लावला नव्हता.

पायडल उतरवलं आणि त्यांनी ॲक्सल, म्हणजे पायडल ज्यावर फिरतं ती आतली कांडी, दोन बोटांत धरून कानाशी नेऊन फिरवला. मला दिला. बोटांना खरखर लागत होती, जात्यात थोडे खडे पडल्यावर लागते तशी. मामा म्हणाले, दळण दळतोयस तू यात.

आता उघडायचं. इथं माझी एक चूक सांगतो म्हणजे तुमची व्हायची नाही. सगळ्यांना पाठ असतं की डाव्या पायडलला उलटे आटे असतात, म्हणजे क्रँकमध्ये जाणारे, पायडल मारता मारता आपोआप सुटू नये म्हणून. ते बरोबर. पण शिमानोच्या पायडलच्या पोटात ॲक्सलला धरून ठेवणारी जी कॉलर असते तिचं गणित नेमकं फिरतं, तिथं उजव्या पायडलला उलटे आणि डाव्याला सुलटे. त्या कॉलरसाठी एक काळं प्लॅस्टिकचं दातेरी टोपण मिळतं, ते मी ऑनलाइन आधीच मागवून ठेवलेलं. मी उजवं पायडल व्हाइसमध्ये धरून नेहमीच्या दिशेनं दिला जोर, सुटेना, अजून दिला, पान्यावर पाय ठेवून दिला, आणि कट्. टोपणाचे तीन दाते साफ. मामांनी चष्मा लावला आणि कॉलरवर बोट ठेवलं. आवळायची दिशा दाखवणारा बाण तिथं छापलेलाच होता, चिखलाखाली. काही बोलले नाहीत, फक्त ब्रश आणि रॉकेलची वाटी माझ्यापुढं सरकवली. आधी धू, मग वाच, मग जोर लाव असा त्याचा अर्थ. उरलेल्या दात्यांवर कसंबसं निघालं.

आत जे होतं ते बघून मलाच लाज वाटली. ग्रीस नव्हतंच. कडक चहात दूध फाटल्यावर दिसतं तसलं काहीतरी तपकिरी, पातळ, आणि त्यात लाल रवा. अंजनेरीचा मुरूम. म्हणजे तो पोरगा जी गन मारायचा त्याचं पाणी रबरी सीलच्या ओठातून सरळ आत गेलं, जाताना कडेची माती घेऊन गेलं, ग्रीसचं ताक केलं आणि बाहेर पडायला वाटच नाही म्हणून आतच राहिलं. ते सील चिखल उडतो त्याच्यासाठी असतं हो, वरून पाऊस पडतो त्याच्यासाठी. वीतभरावरून मारलेल्या फवाऱ्यासाठी नसतं.

माझ्या मॉडेलमध्ये ॲक्सलच्या बारीक टोकाकडे एक छोटं स्टीलचं नळकांडं असतं, त्याच्या दोन्ही तोंडांना बारा बारा छर्रे. एका पायडलमध्ये चोवीस. छर्रा केवढा, तर ३/३२ इंच, म्हणजे अडीच मिलिमीटरलाही जरा कमी, मोहरीपेक्षा थोडा मोठा म्हणा. आपण साठ-सत्तर किलोचे गडी उभं राहून त्यावर नाचतो. मामांनी छर्रे चहाच्या बशीत काढले, रॉकेलनं धुतले, आणि मग कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट, हातात घेऊन त्याच्या गोलाईवरून बॉलपेनचं टोक हलकेच ओढत नेलं. मला म्हणाले तू कर. पेन गुळगुळीत चाललं, चाललं, आणि एका ठिकाणी टच् करून अडलं. परत पुढं अजून एकदा. डोळ्यांना तिथं नुसता एक करडा डाग दिसत होता पण पेनला खड्डा लागत होता. खड्डा पडला की संपलं, मामा म्हणाले, यात सोन्याचं ग्रीस भर, छर्रा दर फेरीला त्या खड्ड्यात आपटणार आणि खड्डा वाढवणार. दुसऱ्या पायडलचंही तेच. सुटा कोन काही मिळेना, शोधला दोन-तीन ठिकाणी. शेवटी नवीन जोडी घेतली. बाविसशेचा बॉटम ब्रॅकेट मात्र झकास आहे अजून, त्याचं काय करू.

नवीन जोडी आली तेव्हा मामांचा फोन, बसवू नकोस, इकडं घेऊन ये. मला वाटलं म्हातारपणाचं खूळ. पण उघडल्यावर माझ्या जोडीत तरी ग्रीस अगदी नावाला होतं, आणि उजवं पायडल इतकं आवळलेलं की बोटानं फिरवलं की अर्ध्या फेरीत थांबायचं. तिथं मी ते काम शिकलो जे आता वर्षातून दोनदा करतो आणि जे मला वाटतं एसपीडी असणाऱ्या प्रत्येकानं करावं, कारण त्याला छर्रे काढायचीही गरज नाही.

पायडल क्रँकवरून उतरवायचं, कॉलर सोडवून ॲक्सल अख्खा बाहेर ओढायचा, बोळ्यानं वरवर पुसायचा. पायडलची बॉडी म्हणजे आता एक रिकामं भोक, पलीकडून बंद. त्या भोकात ग्रीस भरायचं, साधारण अर्ध्याच्या आत. मग ॲक्सल परत आत घालून कॉलर हळूहळू फिरवत न्यायची. हळूहळू म्हणजे खरंच हळू. आत जाणारा ॲक्सल पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतो, ग्रीसला पलीकडं वाट नाही, त्यामुळे ते छर्र्यांच्या मधून घुसत मागं येतं आणि सीलच्या कडेनं बाहेर पडायला लागतं. आधी काळं येतं, शेवयासारखं बारीक. मग करडं. मग एका क्षणी आपण भरलेलं स्वच्छ पिवळं ग्रीस डोकावतं, तेव्हा समजायचं आत सगळीकडं पोचलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अक्षरशः बायकोला हाक मारून दाखवलं होतं, तिला काही विशेष वाटलं नाही. पुढच्या दोन राइडला अजून थोडं बाहेर येतं, ते पुसून टाकायचं, ठेवलं तर त्यावर धूळ बसून तीच आत जायला बघते.

ग्रीस कुठलं यावर ग्रुपवर भांडणं होतात. मामांनी मला ऑटो पार्टच्या दुकानातून गाडीच्या व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस आणून दिलं, अर्धा किलोचा डबा, अजून चौथाई संपला नाहीये. पाण्यात टिकणारं असलं की झालं. बारीक नळीचं महागडं आणून वर्षातून एकदा थेंबभर लावण्यापेक्षा स्वस्तातलं भरपूर आणि वेळेवर बरं. आणि ते निळे-पिवळे गंज सोडवायचे स्प्रे बेअरिंगच्या फटीत मारू नका, आवाज तेवढ्यापुरता जातो कारण असलेलं ग्रीसही धुऊन जातं.

पूर्ण खोलायची वेळ माझ्यावर नंतर एकदाच आली, हलवून बघताना डाव्याला किंचित प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तेव्हा. कोन जागेवर धरणाऱ्या लॉकनटला ७ चा पाना, कोनला १० चा. मामांची एक गोष्ट इथं उपयोगी पडली: कोन तुला बरोबर वाटतो त्याच्या केसभर सैल ठेव, कारण लॉकनट आवळताना तो कोनला अजून आत दाबतो. मी पहिल्या दोन वेळा बरोबर ठेवला आणि दोन्ही वेळा घट्ट झाला. तिसऱ्यांदा सैल ठेवला, आवळला, फिरवला, आणि काय सांगू, लोण्यासारखा.

फक्त त्याआधी, खोललं तेव्हा, छर्रे तेवीसच निघाले. बशीत तेवीस. परत मोजले, तेवीस. फरशीवर झोपून टॉर्च मारला, चुंबक फिरवला, ओट्याखाली झाडू घातला. अकरावर चालवायचा मोह झाला होता पण मामा फोनवर म्हणाले, एकच नवीन टाकू नकोस, त्या बाजूचे बाराच्या बारा नवीन टाक, जुने झिजून बारीक झालेले असतात आणि एकटा नवीनच सगळा भार घेतो. मग भद्रकालीत एका बेअरिंगवाल्याकडे ३/३२ चे छर्रे मिळाले, चिमूटभर कागदाच्या पुडीत. चोविसावा आठ दिवसांनी आईला देवघरात सापडला. तिनं मोती समजून हळदीकुंकवाच्या करंड्यात जपून ठेवला होता. अजून तिथंच आहे.

हे झालं बेअरिंगचं. पण पायडल दुसऱ्या बाजूनंही झिजतं आणि ते लोकांच्या लक्षातच येत नाही, क्लीटनं. क्लीट ही मुद्दाम आधी झिजायची वस्तू आहे, स्वस्त आहे, बदलायची असते. पण आपण ती पार गुळगुळीत होईपर्यंत वापरतो, तोवर ती जबड्यात सैल हलत राहते, आणि हलता हलता पायडलच्या जबड्याची धार खाते. मग नवीन क्लीट टाकली तरी सैलच, कारण आता जबडा गेला. माझी खूण अशी आहे की टाच न फिरवता पाय सुटायला लागला, किंवा अडकल्यावर पाय वरखाली उचलून बघितला आणि खटखट वाजला, की स्प्रिंग आवळायच्या आधी क्लीट बघायची. सैल वाटलं की लोक लगेच टेन्शनचा स्क्रू पिळतात. मीही पिळायचो. त्यानं क्लीट अजून घासते आणि सुटायला जड होते ते वेगळंच, मग परत सिग्नलला आडवे. स्क्रू चार असतात, दोन पायडल, दोन बाजू, तर एकदा सगळे पूर्ण सैल करून तिथून टिकटिक मोजत सारख्या घरांवर आणून ठेवायचे, नाहीतर एका बाजूनं पटकन सुटतं आणि दुसऱ्या बाजूनं सुटतच नाही.

क्लीट झिजवायचा सगळ्यात फास्ट मार्ग म्हणजे त्या घालून पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे. मी चढलोय. दगडी पायऱ्यांवर खड्खड् खड्खड्, आणि खाली आलो तेव्हा पुढची धार चकचकीत आणि बोथट.

बोल्टची गोष्ट राहिली. क्लीटचे बोल्ट ४ नंबर ॲलन कीचे, त्या षटकोनी खड्ड्यात मुरमाचा एखादा खडा असा जाऊन बसतो की ॲलन की अर्धीच आत जाते, तुम्ही फिरवता आणि कोपरे गोल. झालं माझं. तो बोल्ट मामांनी ड्रिल मारून काढला, बुटाच्या आत प्लेट फिरू नये म्हणून मी चिमट्यानं धरून बसलेलो, तासभर गेला. तेव्हापासून नवीन बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावतो, आवळून झालं की डोक्यातल्या खड्ड्यात मेणबत्तीचे दोन थेंब टाकतो. काढायच्या वेळी टोचून मेण काढलं की खड्डा कोरा. आणि गंमत बघा, तो मूळचा टक् आवाज होता ना, त्यातला अर्धा या क्लीटचाच निघाला. कोरडी क्लीट प्लेटवर सरकत होती. आता आवाज आला की मी पहिल्यांदा बूट बदलून साध्या चपलेनं चालवून बघतो. गेला तर क्लीट. नाही गेला तर पायडल उतरवून त्याचे आटे पुसून ग्रीस लावून परत. दुकान त्याच्यानंतर.

धुण्याचं म्हणाल तर आता घरीच, बादली आणि मगानं, किंवा झाडांच्या पाइपानं, तोंडाशी बोट न धरता. त्र्यंबक-हरसूल बाजूची लाल माती पाण्यानं लगेच निघते पण तिची कच वाईट, सँडपेपरच. उलट निफाडकडच्या काळ्या मातीत गेलो तर ती कच करत नाही पण स्प्रिंगच्या मागं अशी घट्ट बसते की क्लीट आत जातच नाही, वाळली की तर वीटच. ती ओली असतानाच जुन्या टूथब्रशनं किंवा खराट्याच्या काडीनं काढायची, स्क्रूड्रायव्हर नको, सील फाटतं. मग कपड्यानं पुसून स्प्रिंगला आणि जबड्याला कोरड्या हवामानाच्या चेन ल्यूबचा एकेक थेंब, चारपाच वेळा बूट अडकवून सोडवायचा आणि वरचं पुसून घ्यायचं. उन्हाळ्यात तर नुसतं पुसणं पुरे, गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांच्या रस्त्यांवरची धूळ तेलकट पायडलवर थरानं चढते. मला यात पाच मिनिटं लागतात, मिसळ खायला जेवढा वेळ रांगेत उभा राहतो त्याच्या निम्मी पण नाही.

आणि दर वेळी एकदा हातानं हलवून बघायचं. एवढंच जर मी पहिल्या जुलैत केलं असतं तर कोन वाचले असते, कारण प्ले आला की काही आठवड्यांत खड्डे पडतात, एका दिवसात नाही.

ग्रीसचे दोन मुहूर्त मी ठरवून टाकलेत. एक मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत. दुसरा खंडेनवमीला. मामांकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पान्यांचा सेट, त्यांचा टूलरूममधला जुना हातोडा, हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. मी सकाळी सायकल घेऊन जातो, आम्ही दोघं अंगणात बसून पायडल करतो, मामी आतून ओरडते की ग्रीसच्या हातानं तांब्या धरू नका. गेल्या वर्षी पूजेच्या वेळी बघितलं तर पाटाच्या कोपऱ्यात, मायक्रोमीटरच्या शेजारी, माझं ते तीन दाते तुटलेलं काळं प्लॅस्टिकचं टोपण ठेवलेलं, त्यालाही कुंकू. म्हटलं मामा, हे कशाला, हे तर मोडकं आहे, नवीन आणलंय मी. म्हणाले, असू दे, उरलेले दाते चालतात अजून. आणि खरंच, उजवं पायडल त्यांनी त्यानंच खोललं.